दचकूचा वाघ आणि वास्तवता समिती

एका जंगलात, बाळांनो, एक व्हिडिओ गेम होता.

जंगलात वीज कुठून आली, असं लगेच विचारू नका. गोष्टीतले प्राणी घडाघडा मराठी बोलतात तेव्हा तुम्ही निमूट ऐकता, आणि विजेची वेळ आली की बरं तुमचं डोकं चालतं! ऐका आता.

हा गेम काटेअण्णा नावाच्या साळिंदराने बनवला होता. जुन्या वडाच्या ढोलीत त्यांनी पडदा लावला होता. गेम अगदी साधा. आत शिरलं की तुम्ही वाघ. डरकाळी फोडायची, एका उडीत नदी ओलांडायची, दुसऱ्या उडीत डोंगर. शिकार साधली की वरून फुलं पडायची.

सगळ्यात जास्त खेळायचा तो दचकू ससा. त्याचा दिवस कसा जायचा, ठाऊक आहे? पान पडलं, पळ. घार दिसली, पळ. आपलीच सावली हलली, तरी पळ. संध्याकाळी तो धापा टाकत वडाखाली यायचा. काटेअण्णा काटे आवरून त्याला जागा करून द्यायचे.

"या वाघोबा, बसा," ते म्हणायचे.

मग घटकाभर दचकू वाघ व्हायचा. झुडपात परतताना त्याचे कान ताठ असायचे. तेवढ्या घटकेच्या जोरावर बिचारा दुसरा दिवस काढायचा.

त्याच वडाच्या शेंड्यावर शेंडेसाहेब राहायचे. जातीचे वानर. जंगलात वाघ आला की वानराने उंचावरून 'खॅक-खॅक' ओरडायचं आणि ते ऐकून बाकीच्यांनी पळ काढायचा, ही तिथली पूर्वापार रीत. खरा वाघ दिसल्याशिवाय वानर खॅक करत नाही, असा त्यांचा लौकिक होता. त्यामुळे वाघ या विषयात शेंडेसाहेब म्हणजे शेवटचा शब्द. जमिनीवर मात्र ते सहसा उतरत नसत.

एके संध्याकाळी वरून आवाज आला, "हा वाघ खोटा वाटतो."

"गेममधला आहे ना साहेब," काटेअण्णा म्हणाले.

"म्हणून काय झालं? डोंगर ओलांडणारा वाघ मी आजवर पाहिला नाही. आणि याच्या अंगावर एक गोचीड नाही! पोराबाळांवर काय संस्कार होणार?"

झालं. दुसऱ्याच दिवशी वास्तवता समिती बसली. अध्यक्ष अर्थात शेंडेसाहेब. त्यांनी फांदीवरूनच सभा चालवली.

रानडुक्कर म्हणाला, "चिखल खऱ्यासारखा लागला पाहिजे. पण डुक्कर चिखलात घसरलेलं दाखवायचं नाही, सांगून ठेवतो. आमच्या घराण्यात कुणी घसरलेलं नाही."

भेकर म्हणालं, "वाघाला खरी धाप लागू दे. भेकराला मात्र धाप नको. आम्ही मुळातच चपळ."

म्हणजे बघा, वास्तव सगळ्यांनाच हवं होतं. फक्त ज्याने त्याने ते शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं होतं.

कोपऱ्यातून दचकूने हळूच विचारलं, "आणि मी? मी वाघच राहीन ना?"

समिती पोट धरधरून हसली. "ससा आणि वाघ? अरे, मग वास्तव कशाशी खातात? जो बाहेर जे आहे, तो आत तेच राहील."

"निदान नकोसं झालं की पटकन बाहेर पडायची कळ तरी राहू द्या."

"जंगलातून बाहेर पडायला कळ आहे का?" शेंडेसाहेबांनी विचारलं.

दचकूने मान हलवली. कळ गेली. समितीचा हुकूम निघाला : जंगलात जे जे आहे ते ते गेममध्ये आलं पाहिजे, काहीही वगळता कामा नये. काटेअण्णा मान खाली घालून कामाला लागले.

नवा गेम तयार झाला. दचकू आत शिरला तो थेट झुडपात. आत तो ससाच होता. पान पडलं, तो पळाला. घार दिसली, पळाला. कानात गोचीड चावली, ती तर अगदी खरी चावली. अंधार पडल्यावर गेमने त्याला बाहेर सोडलं, तेव्हा त्याला रडूच फुटलं.

"अण्णा, हे तर मी दिवसभर फुकट करतो हो! संध्याकाळी तरी..."

काटेअण्णांनाही वाईट वाटलं. पण अण्णा होते साळिंदर. सरळ कुणाला टोचत नसत आणि सहजी सोडतही नसत.

"दचकू," ते म्हणाले, "काहीही वगळू नकोस असा हुकूम होता. मी काहीही वगळलेलं नाही. उद्या आत गेलास की आपल्या वडापर्यंत जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी आत शिरल्यावर दचकू जीव मुठीत धरून धावला. गेममधल्या जंगलात गेममधला वड होता. त्या वडाच्या ढोलीत एक पडदा होता, आणि पडद्याशी गेममधले काटेअण्णा बसले होते. या अण्णांच्या कानावर समितीचं नावही आलेलं नव्हतं. त्यांनी काटे आवरले.

"या वाघोबा, बसा."

बाळांनो, दचकू एका उडीत नदी ओलांडून गेला. दुसऱ्या उडीत डोंगर. वरून फुलं पडली. तो इतका आनंदला की डरकाळी फोडायचीच विसरला.

पुढे समिती अखेरच्या तपासणीला आली, तेव्हाही दचकू आत खेळतच होता. रानडुकराने चिखल चाखून पाहिला आणि मान डोलावली. भेकराला वाघाची धाप आवडली. एवढ्यात आतल्या वडाखाली काहीतरी चाललेलं शेंडेसाहेबांना वरून दिसलं. ते चक्क जमिनीवर उतरले.

"हे काय आहे?"

"जंगलात एक खोटा गेम होता," काटेअण्णा म्हणाले. "खरं जंगल दाखवायचं तर तोही दाखवायला नको का? सत्याला धरून आहे, साहेब."

"पण हा तर तोच वाघ!" शेंडेसाहेब पडद्याला नाक लावून म्हणाले. "गोचीड नाही, धाप नाही. अहो, आंधळ्याला कळेल की हा खोटा..."

नेमकी त्याच वेळी आतल्या दचकूला विसरलेली डरकाळी आठवली. तो वळला आणि पोटाच्या तळापासून त्याने ती फोडली.

"खॅक! खॅक-खॅक!"

शेंडेसाहेब कधी शेंड्यावर पोचले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. वानराने खॅक केलं म्हटल्यावर कोण थांबतो? भेकर धापा टाकत पळालं. रानडुक्कर चिखलात घसरला, उठला आणि पुन्हा घसरला.

त्या दिवशी पहिल्यांदाच सगळं जंगल पळत होतं आणि दचकू बसून होता.

तात्पर्य : खेळात वास्तव असलंच पाहिजे. ते किती असावं, हे ज्याला चढायला झाड आहे त्याने ठरवावं.