सोनेरी केसांची गादी व उसाचा शिरका

श्री कुलस्वामिनी समर्थ. जिणे सर्वांचे डोईवर हात ठेविला आणि ठेवितेसमयी केसांचा रंग पाहिला नाही, तीस प्रथम दंडवत. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरे, चैत्रमासी, नाव न सांगावे ऐशा एका राज्यात जे वर्तमान घडले, ते थोरांनी पुसिले म्हणोन लिहिले असे. यात पदरचे मीठ थोडे पडले असेल, नाही म्हणत नाही, परंतु आंबट जे आहे ते सगळे खरे.

त्या राज्याची गादी सोनेरी केसांची. म्हणजे मूळपुरुष जे होते ते ओढ्याकाठी उन्हात निजले असता त्यांचे केस झळकले आणि गावकऱ्यांस वाटले की सूर्यनारायणाचा पुत्रच उतरला, मग त्यांणी त्यांस उचलोन पाटावर बसविले आणि पाटाचे सिंहासन जाहले, आणि तेव्हापासोन शिरस्ता पडला की सोनेरी केसांचा तोच गादीचा धनी, काळ्या केसांचा निपजला तर तो सूर्याचा नव्हे, त्यास वेशीबाहेर घालवावा. परंतु ईश्वराची करणी ऐशी की त्या वंशाचे मूल जन्मते भुऱ्या केसांचे आणि दुधाचे दात पडू लागले की केसही काळवंडू लागतात, जैसे चार घरच्या लेकरांचे होते तैसेच. मग दुसरे की तिसरे राजे यांणी तोड काढिली. उसाचा जुना शिरका, म्हणजे आंबविलेला रस, पाण्यात घालोन केस धुवावे आणि ओलेच गच्चीवर उन्हात बसावे, म्हणजे काळे ते पिंगट होतात आणि पिंगट ते भुरे होतात, आणि लांबून पाहणारास, त्यातून तो पदरी चाकरीस असेल तर, सोनेरी दिसतात. हे गुपित बापाने लेकरास सातवे वर्षी न्हाणीघराचे दार लावोन सांगावे, तिसऱ्या कानी जाऊ देऊ नये, बायकोच्या तर नाहीच नाही, ऐशी शपथ होती.

तेसमयी गादीवर राजश्री सुभानराजे होते. स्वारी मोठी दयाळू, घोड्यावर बसण्यात मर्द, परंतु केस धुवोन धुवोन काथ्यासारखे जाहले होते आणि अंगास सदा आंबट वास. दरबारी लोक त्यास राजतेज म्हणत. पोटी पुत्र नाही, एक कन्या, ठकूबाईसाहेब, तीच गादीची धनीण. फार बोलकी, फार हट्टी, आणि महाराजांचा जीव की प्राण. ती चैत्रात सात वर्षांची जाहली आणि तिचे केस मुळाशी गडद दिसो लागले, तेव्हा महाराज न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. आपले सातवे वर्ष त्यांस आठवले. वडिलांनी मान धरिली होती, "डोळे मीट" म्हणाले होते, आणि तरीही थेंब गेला तो गेलाच, आणि आपण हंबरडा फोडिला, आणि वर पाहतो तो वडिलांचेही डोळे भरले होते आणि ते म्हणत होते की शिरका फार उग्र आहे हो यंदाचा.

मग महाराजांनी मन घट्ट केले आणि मुहूर्त पाहोन ठकूबाईस न्हाणीघरात नेले, दार लाविले, पाटावर बसविले आणि शिरक्याचा तांब्या हाती घेतला. कन्येस वाटले खेळ आहे, ती हसत होती. धार पडली, वास नाकात गेला, डोळ्यात थेंब गेला, आणि ती रडली नाही. दोन्ही मुठी आवळोन म्हणाली, "बाबासाहेब, मी काय केले? मी पुन्हा नाही करणार." हे ऐकोन महाराजांचे हातून तांब्या सुटला. लढाईत भाला लागला तेव्हा जे दुःख जाहले नाही ते तेथे जाहले. त्यांणी लेकीस उचलिले, शेल्याने डोळे पुसले, आणि ती खाली उतरोन जी पळाली ती थेट आईकडे.

राणी मैनाबाईसाहेब दूरदेशीच्या. त्यांणी लेकीचा लाल डोळा पाहिला, डोई हुंगली, आणि महाराज आत येताच म्हणाल्या, "हे काय मांडले आहे? दहा वर्षे मी समजत होते स्वारीस लोणच्याची गोडी आहे, म्हणून अंगास वास येतो. आणि तुम्ही लोणचे डोक्यास लावता?" महाराज म्हणाले, "हळू बोला. वडिलांपासोन चालत आलेला रिवाज आहे." "मेला तो रिवाज! पुन्हा पोरीच्या डोक्यास हात तर लावून पाहा." "अहो, न लावावा तर वर्षभरात तिचे केस काळे होतील आणि हेच लोक तीस वेशीबाहेर घालवतील. आणि खरे सांगावे तर आपण तिघेही बाहेर." तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, "मग जाऊ की बाहेर. माझ्या माहेरी काळ्या केसांची माणसे जेवतात, निजतात, त्यांची लग्नेही होतात. कोणी हाकलीत नाही त्यांस." महाराजांस भय वाटत होते, आणि भय वाटते याची लाजही वाटत होती. आठ दिवस त्यांणी शिरक्यास हात लाविला नाही, गच्चीवर गेले नाहीत, आणि नवव्या दिवशी दरबार भरविण्याचा हुकूम केला.

दरबार भरला. मानकरी, सरदार, शास्त्री आपापले जागी बसले, कारभारी नरहरपंत मसनदीशेजारी उभे राहिले, आणि महाराजांनी आपल्या हाते मंदिल उतरविला, मस्तक लवविले, भांग पाडोन मुळे दाखविली आणि बोलिले, "नीट पाहा. हे केस काळे आहेत. आमचे काळे, आमच्या वडिलांचे काळे, आजोबांचेही काळेच. आम्ही शिरक्याने धुवोन भुरे करीत होतो. आमचे कन्येस हा जाच आम्ही करणार नाही. सूर्याचा वंश वगैरे काही नाही. आता गादीचे काय करणे ते तुम्ही करा." ऐसे बोलोन महाराजांस जे हलके वाटले ते कधी वाटले नव्हते.

येथे एक गोष्ट सांगावयाची राहिली, ती सांगतो. महाराजांस वाटे की शिरक्याचे गुपित आपल्या एकट्याचे. वास्तविक दरबारात असा मानकरी नव्हता की जो घरी दार लावोन हेच करीत नव्हता, कारण केस भुरे दिसले म्हणजे राजघराण्याशी लांबचे नाते असल्यासारखे दिसते आणि मुलींची लग्ने चांगली जमतात. नरहरपंतांचे घरी तर शिरक्याचे रांजण होते. प्रत्येकास वाटे आपणच काय ते लबाड, बाकीचे अस्सल. सगळ्यांसच वास येत होता, म्हणोन कोणासच येत नव्हता. तेव्हा महाराजांनी शिरक्याचे नाव घेताच सगळ्या दरबाराची बोबडी वळली. आता चौकशी आपल्या न्हाणीघरापर्यंत येणार! नरहरपंतांनी प्रसंग ओळखिला आणि पुढे होऊन मुजरा केला आणि म्हणाले, "वाहवा! काय ही लीनता! महाराज थट्टा करितात. शिरका कोठला आणि काय कोठला! सूर्य माथ्यावर आला म्हणजे सावली मुळाशी गोळा होते, तैसेच हे. हा मध्यान्हीचा शुभ योग आहे. यापुढे सूर्यवंशाचा रंग काळा." शास्त्रीबोवा म्हणाले, "शास्त्रात आहेच." कोणत्या शास्त्रात ते कोणी पुसिले नाही. महाराज ओरडोन सांगत होते की अहो, शिरका, उसाचा शिरका! आणि दरबार जयजयकार करीत होता, त्यात ते बुडोन गेले.

दुसरे दिवशी सकाळी पाहतात तो अवघा दरबार काळाकुट्ट. रातोरात निळीच्या पाल्याचा कलप लावोन सगळे आले होते. घाम आला की काळे ओघळ मानेवरोन अंगरख्यावर उतरत, आणि नरहरपंतांनी घाईत एक कानही रंगविला होता. महाराजांस हसू आले आणि मग बरेही वाटले, की चला, कसे का होईना, पोर सुटली. तीस शेजारी बसवावी म्हणोन त्यांणी ठकूबाईस बोलाविले. ती मसनदीवर बसली, आणि नरहरपंत तिचे मस्तक निरखोन पाहो लागले, मग गंभीर जाहले, मग शास्त्रीबोवांशी कुजबुजले. म्हणाले, "महाराज, क्षमा असावी. बाईसाहेबांचे केस धड भुरे नाहीत आणि धड काळेही नाहीत. गादीच्या धनिणीस हे शोभत नाही. एक हात कलपाचा द्यावा म्हणतो. डोळ्यास लागतो किंचित, परंतु मूल आहे, सोशील." आणि मागे कलपाचे घंगाळ तयारच होते, आणि त्याचे शेजारी, हुकूम फिरला तर असावे म्हणोन, शिरक्याचेही होते.

ठकूबाईने दोन्ही घंगाळे पाहिली आणि बापाचा हात घट्ट धरिला. म्हणाली, "बाबासाहेब, माझे केस कसे पाहिजेत?" महाराज बोलणार तो त्यांणी पाहिले की अवघा दरबार पुढे वाकला आहे. तांबूस म्हणावे तर उद्या सगळे तांबूस होतील, काळे म्हणावे तर काळे, आणि आहेत तैसे छान आहेत म्हणावे तर तसला रंग घरोघर खलतील आणि तो आपल्या लेकरांच्या डोळ्यात घालतील. बापास लेकीचे कौतुक करण्याचीही सोय उरली नव्हती. मग महाराज तिच्या केसांवरोन हात फिरवोन सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "तुझे केस तुझ्या आईसारखे आहेत. तैसेच असावे, हा आमचा हुकूम."

दरबार एकमेकांकडे पाहो लागला. राणीसाहेब पडद्यात. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासोन डोईवरचा पदर कोणी ढळलेला पाहिला नव्हता. त्यांचे केस कैसे आहेत हे राज्यात एका महाराजांवाचोन कोणास ठाऊक नाही, आणि पुसेल त्याची मान जागेवर राहणार नाही. नरहरपंत घंगाळापासोन दोन पावले मागे सरले. ठकूबाई तेवढ्यात मसनदीवरोन उतरली आणि पळत पडद्यात गेली, आणि आतून बांगड्या वाजल्या, आणि मग तिचा आवाज आला, "अय्या, हो की!" आणि दोघी मायलेकी हसो लागल्या, आणि महाराजही हसले. घंगाळे जैसी आली तैसी उचलोन नेली.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. त्या दिवसापासोन त्या राज्यात ज्याचे केस जैसे निघतात तैसे निघो लागले. यास कोणाचे शहाणपण म्हणो नये. हुकूम पाळावयाची सर्वांची तयारी होती, तो काय होता एवढेच कळले नाही. लेखनसीमा.