सासरे स्क्रीनवर

माझे सासरे, मखमलाबादचे खंडेराव, यांनी लग्नाला बारा वर्षं झाली तरी माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढलेला नाही. (वाईटही काढत नाहीत. नुसते बघतात. ते जास्त लागतं.) म्हणून त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यांचा फोटो लावायचा. नवी नजर घेऊन ते आमच्या पतसंस्थेत येतील, तेव्हा जावयाच्या टेबलावर स्वतःलाच बघतील. मग तरी काही बोलतील!

फोटो लावला, पण भुंडा वाटत होता. 'क्लासिक' लिहिलेलं बटण दाबून तो काळा-पांढरा केला. सासऱ्यांची झेंडूची शेती, तेव्हा चौकट झेंडूच्या माळेची घेतली. चेहऱ्यावर काही बसू नये म्हणून सगळे आयकॉन अदबीने कडेला सारले. बाणाच्या जागी पणती मिळत होती, तीही घेतली. माउस फिरवला की पणती त्यांच्यापुढे गोल फिरायची. मलाच इतकं भरून आलं, की कॉम्प्युटर बंद करायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी बजावलं, "यांना धक्का नको, दगदग नको, रडणं तर नकोच." सासऱ्यांना आमच्याकडे आणून आतल्या खोलीत निजवलं, तेवढ्यात ऑफिसातल्या शेखरचा फोन आला.

"ज्ञानेश, धीर धर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्रास नाही ना झाला त्यांना?"

"छे! दहा मिनिटांत आटोपलं."

"शांतपणे डोळे मिटले म्हणायचे."

"एकच. दुसऱ्याचं दिवाळीनंतर."

शेखरने खाकरून विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"पोहे करतेय."

"आज? पोहे?"

"बाबांनी मागितले. चहात साखर कमी पडली म्हणून मघाशी चिडलेसुद्धा."

"कोण चिडले?" शेखर किंचाळला. "अरे, तुझ्या स्क्रीनवर त्यांना हार घातलाय, पुढे दिवा लावलाय! साहेबांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं! मी नामपूरला कुसाआत्यांनाही कळवलं. त्या गाडी करून निघाल्यात!"

कुसाआत्या म्हणजे सासऱ्यांची सख्खी बहीण, नामपूरला शेखरच्या गावच्या घराशेजारी राहणारी. त्यांचा आवाज कांदा मार्केटात या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. त्या दारात रडल्या, तर सासरे उठणार, घाबरणार, आणि डोळा? मी फोनवर फोन लावले. बंद.

सुवर्णाला, म्हणजे बायकोला, सांगावं लागलं. तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

"अहो, जिवंत माणसाच्या फोटोला हार?"

"हार नाही गं, डिझाइन आहे."

"खाली जाऊन उभे राहा. आत्या वर आल्या तर तुमचा फोटो मी स्वतः लावते. खऱ्या हारात!"

मी सोसायटीच्या गेटवर घामाघूम उभा राहिलो. प्रत्येक गाडीला हात केला. (दोन रिक्षावाले त्यामुळे उगाच थांबले आणि बोलून गेले.) शेवटी जीप आली. आत्या उतरल्या, सोबत पांढऱ्या टोप्यांची चार माणसं.

"आत्या, बाबा आहेत!" मी ओरडलो.

आत्यांनी मला पोटाशी धरलं. "हाव रं बाबा, आपलामाच शेत त्या," म्हणाल्या (म्हणजे, आपल्यातच आहेत ते) आणि मला तसंच ओढत जिना चढल्या. माझं तोंड त्यांच्या पदरात दाबलेलं, त्यामुळे पुढचा खुलासा लुगड्यातच विरला. दारापाशी त्यांनी हंबरडा फोडला.

"मना भाऊ गया वं माय! एकच घोर व्हता त्याले, पोरले आसा कसा जवाई भेटी गया!"

आतलं दार उघडलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात पोह्यांची बशी, असे सासरे उभे. आत्यांचा सूर वरच अडकला. पांढऱ्या टोप्यांपैकी एकजण मटकन खाली बसला. मी आधी सासऱ्यांच्या डोळ्याकडे पाहिलं. पट्टी जागेवर होती. देव पावला.

सासऱ्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बहिणीकडे वळले.

"रडू नको, कुसा. मी हाय अजून," ते म्हणाले. "पण जावयाचं बोलली ते लय खरं हाय."

बारा वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याबद्दल बोलले.