फुकटचा पहारेकरी

अँटिव्हायरसची मुदत संपली तेव्हा बाबा गुपचूप पैसे भरणार होते. मीच अडवलं. म्हटलं, अशा गोष्टींवर खर्च करतात ते अडाणी. मी फुकटात आणतो. (कॉम्प्युटरचं कॉलेज मी तिसऱ्या सहामाहीत सोडलं. शिकवणाऱ्यांना काही येत नव्हतं. परीक्षेत मलाही आलं नाही, तो भाग वेगळा.)

आईचं शिवणकामाचं दुकान आमच्या पुढच्या खोलीत. तिच्या सहाशे गिऱ्हाइकांची मापं वहीतून कॉम्प्युटरवर मीच चढवली होती. वही रद्दीत टाक, असं फर्मानही सोडलं होतं. ती "बरं" म्हणाली होती.

बाबांची तऱ्हा तर विचारूच नका. अँटिव्हायरस आल्यापासून अनोळखी मेल ते मुद्दाम उघडायचे. मी ओरडलो की म्हणायचे, "नुसता बसून खातोय तो. त्याला काही काम नको?" आणि बघायचे माझ्याकडे.

शुक्रवारी सकाळी आईने हाक मारली. सोमवारी दवाखान्यातल्या चाळीस नर्सचे गणवेश द्यायचे होते. टेबलावर कापड पसरलेलं, तिच्या हातात कात्री, आणि स्क्रीनवर मापांच्या जागी लाल पाटी: तुमच्या फायलींना कुलूप लावलं आहे. एकही फाइल उघडेना. कोपऱ्यात माझा अँटिव्हायरस मात्र हिरवागार, 'आपण सुरक्षित आहात' म्हणत बसलेला.

मग मी बाबांवर तुटून पडलो. तुमच्या पिढीला बटण दिसलं की दाबायचंच असतं, हेल्मेट घातलं म्हणून कुणी भिंतीवर गाडी घालतं का, आईचा धंदा बुडवलात. सुचेल ते बोललो. बाबा चष्मा पुसत राहिले. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला, खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं.

दुरुस्तीवाला आला तो साठीचा. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा म्हणे. (हा काय उजेड पाडणार, मी मनात म्हटलं.) एका बोटाने टकटक करत त्याने दहा मिनिटं काहीतरी पाहिलं आणि विचारलं, "हा अँटिव्हायरस कुणी घातला?"

"मी."

"घालण्याआधी कॉम्प्युटरचं स्वतःचं संरक्षण बंद करा, असं सांगत होता?"

"हो. केलं की मी बंद."

"कुलूप या अँटिव्हायरसनेच लावलंय," बाबांकडे बोट दाखवत तो म्हणाला. "यांच्या मेलमध्ये नुसत्या जाहिराती आहेत."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मी आईला काय तोंड दाखवणार होतो? वळून बघतो तर ती खडूने कापडावर रेघा मारत होती. शेजारी तीच वही.

"वही टाकली नाहीस? आणि या नर्स तर गेल्या आठवड्यात आल्या. त्यांची मापं वहीत कशी?"

आईने बाहीची रेघ पुरी केली.

"तू कॉलेज सोडलंस ना," ती म्हणाली, "तेव्हापासून तुझा हात लागलेल्या प्रत्येक गोष्टीची मी दुसरी प्रत ठेवते."