झॅन्थिपीच्या घरचा वडाभात

होणाऱ्या विहीणबाईंसमोर आपण अगदीच बावळट दिसू नये, एवढीच श्रीधररावांची इच्छा होती. (थोडेफार दिसलो तर चालेल, इतके ते समजूतदार होते.) त्यांच्या मुलाला, हर्षितला, गोपिका पसंत होती आणि गोपिकेला हर्षित. अडलं होतं गोपिकेच्या आईपाशी. अरुंधतीबाई कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. रविवारी त्या जेवायला येणार, घर बघणार आणि मग हो की नाही ते सांगणार होत्या.

"गोपिकाच्या आईंना शब्दांचा भारी नाद आहे, बाबा," हर्षित म्हणाला. "मोबाईलवर अक्षरं जुळवायचा गेम खेळतात. क्यू, एक्स, झेडचे शब्द आले की जास्त पॉइंट."

झालं! सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवण्यात हयात गेलेले श्रीधरराव क्यू, एक्स आणि झेडच्या मागे लागले. शब्द सापडायचे, पण डोक्यात टिकायचे नाहीत. मग त्यांना एक युक्ती सुचली. सीताबर्डीच्या बाजारातून त्यांनी स्टिकरचं पाकीट आणलं आणि ज्या वस्तूवरून अर्थ आठवेल, त्या वस्तूवर तो शब्द चिकटवायला सुरुवात केली.

तीन बर्नरच्या शेगडीवर लागला 'सिझिजी', म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येणं. शेजारच्या रुपरावांकडे उघडणाऱ्या खिडकीवर 'क्विडनंक', म्हणजे नसत्या चौकशा करणारा. तांदळाच्या डब्यावर 'झिझिवा'. हा परदेशातला एक सोंडकिडा. तांदूळ म्हटलं की सोंडे आठवतातच. आणि बायकोच्या, म्हणजे यमुताईंच्या कपाटावर 'झॅन्थिपी'. या शब्दाचा अर्थ कजाग बायको. (तो आठवायला त्यांना घरात दुसरी जागा सापडली नाही.)

"हे काय लावलं जी माझ्या कपाटाले?" यमुताईंनी विचारलं.

श्रीधररावांनी स्टिकरचं पाकीट पाठीमागे लपवलं. "अगं, ते... इंग्रजीत गृहलक्ष्मीला म्हणतात तसं."

यमुताई चक्क लाजल्या. लग्नानंतर नवऱ्यानं असं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. श्रीधररावांना फार वाईट वाटलं. पण खरं सांगायची हिंमत काही झाली नाही.

रविवारी सकाळी ते उलथनं घेऊन स्टिकर खरवडायला बसले, तर यमुताईंनी उलथनंच काढून घेतलं. "काहून काढून राहिले? राहू द्या ना. शिकलेल्याचं घर वाटते."

अरुंधतीबाई आल्या. घर बघताना त्या शेगडीपाशी हसल्या, खिडकीपाशी जास्त हसल्या आणि तांदळाच्या डब्यापाशी एकदम गप्प झाल्या. पानावर बसल्यावर यमुताई वडाभात वाढायला वाकल्या, तर अरुंधतीबाईंनी ताटावर हात आडवा धरला.

"मला भात नको. पोळी पुरे."

"असं कसं? खास तुमच्यासाठी केला!"

"पण डब्यावर तुम्हीच लिहिलंय ना, आत सोंडे आहेत म्हणून?"

यमुताईंचा चमचा हवेतच राहिला. हर्षितनं डोळे मिटून घेतले. त्याचं लग्न त्याच्यासमोर त्या डब्यात बुडत होतं.

"नाही, नाही!" श्रीधरराव अर्धे उठले. "तांदूळ निवडलेला आहे! ते माझं पाठांतर. जिथं जे आठवतं, तिथं तो शब्द लावायचा."

"अच्छा! जिथं जे आठवतं तिथं," अरुंधतीबाईंचा चेहरा खुलला. "पद्धत छान आहे हं."

कौतुक ऐकून यमुताईंना राहवलं नाही. "माझ्या कपाटावर बी आहे! झॅन्थिपी!"

अरुंधतीबाईंनी श्रीधररावांकडे पाहिलं. श्रीधररावांनी लोणच्याकडे पाहिलं.

"अर्थ मालूम आहे मले," यमुताई अभिमानानं म्हणाल्या. "गृहलक्ष्मी."

अरुंधतीबाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "फार दुर्मीळ शब्द आहे. वाढा वडाभात. वरून फोडणीचं तेल जरा सढळ हातानं."

श्रीधररावांना वाटलं, उठून या बाईंच्या पाया पडावं. जेवण हसतखेळत झालं. निघताना दोघी फाटकापाशी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. उत्तर मात्र संध्याकाळी कळवते, असं त्या सांगून गेल्या.

संध्याकाळी श्रीधररावांना आपल्या खुर्चीवर एक नवा स्टिकर दिसला. अक्षर यमुताईंचं. 'जॉबरनॉल'.

"हे काय गं?"

"गृहस्वामी," यमुताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

श्रीधररावांचा ऊर भरून आला. (त्यांचं पाठांतर क्यू, एक्स, झेडचं, 'जे' या अक्षराला त्यांनी हातच लावला नव्हता.) त्यांनी लगेच व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर स्वतःचा फोटो टाकून खाली लिहिलं: 'मी, जॉबरनॉल.'

पाचएक मिनिटांत अरुंधतीबाईंचा मेसेज आला.

'लग्नाला माझा होकार. झाल्या गोष्टीची इतकी उघड कबुली देणारा व्याही भाग्यानं मिळतो. जॉबरनॉल म्हणजे मठ्ठ डोक्याचा माणूस, हे यमुताईंना मीच फाटकापाशी सांगितलं. झॅन्थिपीचा अर्थही सांगितला.'

हर्षित आनंदानं ओरडत गोपिकेला फोन लावायला गच्चीवर पळाला. श्रीधरराव मोबाईल धरून तसेच खुर्चीत बसून राहिले. आतून यमुताईंचा आवाज आला, अगदी गोड:

"अहो गृहस्वामी, आजपासून रात्रीचा भात तुम्हीच लावान. डबा कोणता, ते तुम्हाले पाठच आहे."