सदानंद सरांची शुद्ध हवा

सदानंद सरांच्या पडवीत हवा मोजायचं यंत्र बसलं आणि सरांची छाती फुगली. मसुऱ्याजवळच्या त्यांच्या वाडीचीच निवड झाली होती आणि विज्ञानाचे शिक्षक म्हणून यंत्र सांभाळायचा मान सरांचा. "आमची हवा जिल्ह्यात एक नंबर निघणार," असं त्यांनी मासळी बाजारात, एसटीत आणि एका बारशातसुद्धा सांगून टाकलं. सोमवारी जिल्ह्याचे साहेब उद्घाटनाला येणार होते.

हवा चांगली असली की यंत्रावर हिरवा दिवा, बिघडली की लाल, आणि आकडा थेट सरांच्या मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी सर वर्गात अणू शिकवत होते. मध्ये केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन, बाकी सगळी मोकळी जागा, इथवर आले आणि मोबाइल केकाटला. लाल! असला आकडा त्यांनी फक्त दिल्लीच्या बातम्यांत ऐकला होता. संध्याकाळी घरी येऊन बघतात तर दिवा हिरवागार. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. सरांनी शेजारच्या बाबलीला गाठलं.

"बाबली, सकाळी पातेरो जाळतस काय रे?"

"नाय ओ सर! आंब्याखाली सगळो पातेरो तसोच पडलोहा, बघा."

"मगे धूर खंयसून येता?"

"न्हाणयेच्या चुलींचो असात."

झालं! सरांच्या शब्दाखातर न्हाणीतल्या चुली विझल्या आणि भर थंडीत अख्खी वाडी गार पाण्याने आंघोळ करू लागली. शिंकांचा आकडा वाढला, पण यंत्राचा काही उतरेना. सरांचं जेवणावरून लक्ष उडालं.

शनिवारी ते चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले. पडवीत त्यांची बायको यशोदा धुपाटणं घेऊन यंत्राला मनोभावे ओवाळत होती.

"यशोदा! ह्या काय करतंस गो?"

"धूप घालतंय. नवीन यंत्र घरात इला, पूजा नको? तुमी शाळेक गेलात काय रोज घालतंय. तुमका जेवाण जायना, म्हणान आज दोनदा घातलंय."

सरांना हसावं की रडावं कळेना. बिचारीने सगळं त्यांच्याच काळजीपोटी केलं होतं.

"अगो, ह्या यंत्र धुराचेच कण मोजता! डोळ्यांक दिसनत नाय इतके बारीक."

"देव तरी खंय दिसता?" म्हणत तिने धुपाटणं आत नेलं. पण नवऱ्याची लाज जायला नको म्हणून रविवारी तिने देवघरातला धूपसुद्धा बंद ठेवला.

सोमवारी दिवा हिरवा. सारी वाडी पडवीत जमली. साहेब आकडा बघून खूश झाले. "वा! एक नंबर!" मग त्यांनी यंत्राकडे नीट पाहिलं. "पण पूजा केलेली दिसत नाही. मी कुठलंही यंत्र पूजेशिवाय सुरू करत नाही." त्यांनी स्वतःच्या पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला, अख्खा पेटवला, यंत्राच्या बरोबर खाली खोचला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा दिवा लालभडक होता.

"अरेच्चा! शेजारी कोणी कचरा जाळतंय का?"

साहेब येणार म्हणून आजही गार पाण्याने कुडकुडत आंघोळ करून आलेल्या बाबलीने सरांकडे पाहिलं. यशोदा सरांच्या कानाशी लागली, "माका शिकवलात मा? आता सायबांक शिकवा बघूया."

सरांनी उदबत्त्यांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"थंडीचे दिवस ना, साहेब," ते नम्रपणे म्हणाले, "वारा पडला की असं होतं."

"बरोबर आहे, हवामानापुढे कोणाचं चालतं!" साहेब म्हणाले. "नंबर तुमचाच. पण रोज न चुकता उदबत्ती लावा हं, सर."