राणेअण्णांचं पाणी

अण्णा राणे ज्या पाण्यानं आंघोळ करायचे, तेच पाणी प्यायचे. लगेच नाही, मध्ये चार दिवस जायचे. घाटकोपरच्या आमच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत राहत आणि त्यांच्या मोरीतून एक थेंब बाहेर जात नसे.

मोरीतलं पाणी बादलीत, बादलीतून तिवईवरच्या एकावर एक ठेवलेल्या तीन मडक्यांत. वरच्यात खडी, मधल्यात वाळू, खालच्यात कोळसा. शेवटी स्टोव्हवर खळखळून उकळायचं. साबणाला त्यांनी कायमची रजा दिली होती. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधला हा टर्नर सुट्टीच्या दिवशी वाळू धूत बसायचा.

"अरे, पाणी कधी उष्टा होणा नाय," ते म्हणत. "चंद्रावर गेले ते काय नळार रांग लावतत?"

प्रश्न बिनतोड होता. पण पेला पुढे आला की लोकांना अचानक कामं आठवत. आल्यागेल्याला गूळपाणी देण्याची गावची रीत अण्णांनी सोडली नव्हती. आम्ही गूळ तोंडात टाकून पाण्याआधीच पळ काढायचो. मीही पळालोय, खोटं कशाला बोलू!

या सगळ्या खटाटोपाचं कारण होत्या वहिनी. चाळीला नळ एक, पाणी पहाटे तासभर. त्या रांगेत वहिनी पाय घसरून पडल्या, हात मोडला आणि त्या कुडाळजवळच्या गावी सासूकडे गेल्या त्या गेल्याच. हात बरा होऊन दोन वर्षं झाली, तरी परतल्या नाहीत. घरातच पाणी झालं की ती येईल, असं अण्णांनी मनाशी धरलं होतं.

पत्रावर पत्रं धाडल्यावर एका मे महिन्यात वहिनी आल्या. अण्णांनी गूळ आणि पेला पुढे केला. मजा बघायला आम्ही दारात गर्दी केलेली. पाणी कशाचं ते वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एका दमात पेला रिकामा केला.

"पाणी बरा आसा," त्या म्हणाल्या. "पण मी पाण्यासाठी गेलंय नाय. रोज रांगेत एकटी उभी रवलंय. हात मोडलो त्या दिशी पण तुमी घरात निजान होतात. एक दिस माज्या वांगडा उभे रवले असतात, तर गेलंय नसतंय."

आम्हाला तिथे उभं राहायची लाज वाटली.

चार दिवसांनी वहिनी परत निघाल्या. गावी सासूबाई आजारी होत्या. "बघतंय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर गेलो, तर रांगेत अण्णा. शेजारी एक रिकामी घागर ठेवून एका माणसापुरती जागा अडवलेली.

"अण्णा, सरका ना यार! एकट्याला दोन जागा कशाला?" मागचा वैतागला.

अण्णा हलले नाहीत.

"थांब रे बाबा," ते म्हणाले. "आमचा माणूस येवचा आसा."