आत्याबाईंची व्हीलचेअरवरील स्वारी

करमणूक-नगरीत नावेच्या धक्क्यावर जो प्रसंग गुदरला, तो पुढे ज्याने त्याने तिखटमीठ लावोन सांगितला. सबब, घडले तैसे, पदरचे काही न घालिता, येथे नमूद केले असे.

खासा आत्याबाई शाळेतील खेळशिक्षिका, निवृत्त जाहल्या तरी दम कायम. जिना दोन दोन पायऱ्या टाकीत चढत आणि भाचेसुनेस मागे धापा टाकावयास लावीत. त्यांचे भाचे पेशाने विमा एजंट, समोरच्याचे गळी आपले म्हणणे उतरविण्यात बहुत वाकबगार. यांणी सुटीचे दिवशी, आत्याबाईंस सोबत घेऊन, सहकुटुंब नगरीवर चाल केली. पाहतात तो रांगा अजगरासारख्या पसरल्या आणि ऊन मी म्हणत होते, आणि पोरांनी भुणभुण मांडिली. मग भाच्यांनी हेरिले की, ज्यांस चालवत नाही त्यांस निराळा दरवाजा आहे, चाकांची खुर्ची तेथेच मिळते, आणि पास दाखवितांच खुर्ची व सोबतची मंडळी विनाअडथळा आत दाखल होतात. मग आत्याबाईंस एकीकडे नेऊन मसलत केली.

"आत्या, तू नुसती बस गं. गुडघा दुखतो म्हण, बाकी मी बघतो."

"अरे, ठणठणीत आहे माझा गुडघा!"

"मग बसल्याने काय बिघडणार आहे त्याचं?"

पोरांची सुकलेली तोंडे पाहोन आत्याबाई विरघळल्या आणि खुर्चीवर आरूढ जाहल्या, आणि खिडकीवरील कारकुनाने भोळेपणी पास बहाल केला. मग आकाशपाळणा सर जाहला, आणि आरशांचा महाल काबीज जाहला, आणि भाचे विजयाने फुगले. परंतु आत्याबाईंचे चित्ती वेगळेच सलू लागले. ज्यांच्या एका शिटीने मैदान चिडीचूप होई, त्यांजकडे आता कोणी पाहीना. सरबतवाल्याने त्यांचे डोईवरून भाच्यांस पुसिले की, आजींना थंड चालतं का. आत्याबाई कडाडल्या की, आजींना तोंड आहे! सरबतवाला दचकला, आणि तरीही पेला भाच्यांचेच हाती दिला.

मग स्वारी धक्क्यावर पोचली. ही नाव उंचावरोन पाण्यात कोसळणारी, आणि तीत खुर्चीस जागा एकच. आत्याबाईंचे मागे एक तरुणी, घड्याळे दुरुस्त करणारी, आपले खुर्चीत बसली होती आणि थोरली बहीण सोबतीस होती. इतक्यात नावाड्याने पुकारा केला की, ही आजची अखेरची फेरी, खुर्ची एक, सबब पुढील खुर्ची आत घ्यावी.

आत्याबाईंनी मान वळवोन पुसिले, "किती वेळ थांबलीस गं?"

"दोनदा येऊन परत गेले, आजी. आज खुर्च्या फार आल्यात." मग तरुणीची नजर खाली गेली आणि ती गालात हसली. "बूट मस्त आहेत तुमचे. सोल मात्र चांगलेच झिजलेत हो."

आत्याबाईंचे कान लाल जाहले. मग त्यांणी मान सरळ केली आणि ताडकन उभ्या ठाकल्या. एकच गलबला उडाला; कोणी म्हणे चमत्कार, कोणी फोटो काढी, आणि भाचे खांबाआड दडले.

"चमत्कार नाही आणि काही नाही," आत्याबाई गरजल्या. "खोटंच बसले होते मी. नाव हिची आहे." आणि मैदानावरील जुन्या आवाजात हुकूम सोडिला, "ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी उभं राहा!"

तो ऐकतांच मागील खुर्चीतील एक स्थूल गृहस्थ, पायास घोट्यापासोन गुडघ्यापर्यंत बँडेज गुंडाळिलेले, शाळेची कवायत आठवोन सावधान उभे राहिले. मग जे जाहले ते ध्यानी येऊन फिरोन बसू लागले, तो त्यांचीच पत्नी बोलली, "आता कशाला बसता? सगळ्यांनी पाहिलं." मग आणखी एक खुर्ची रिकामी जाहली, आणि आणखी एक.

तरुणी व तिची बहीण नावेत विराजमान जाहल्या. नाव चढली, क्षणभर थबकली आणि कोसळली, आणि तरुणीने ऐसी किंकाळी फोडिली की सरबतवालाही दुकान सोडोन धावत आला. ती चिंब भिजोन, केस डोळ्यांवर घेऊन, हसत हसत बाहेर आली.

येणेप्रमाणे नाव हक्कदाराचे स्वाधीन जाहली. आत्याबाईंकडील हानी म्हणाल तर, नाव हुकली, पोरे रुसली, आणि रिकामी खुर्ची पाससुद्धा परत करणेची कामगिरी भाच्यांचे शिरी आली. आत्याबाई धक्क्यावर टाळ्या पिटीत उभ्या होत्या, आणि नावेने उडविलेले पाणी डोईपासोन पायापर्यंत त्यांजवरही आले. फत्ते जाहली ती ऐसी.